पाकीट गेलं, वाटप राहिलं

११ डिसेंबर २०२४ रोजी फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, काँग्रेस (सदस्य संघटनांची सर्वसाधारण सभा) ऑनलाइन भरली आणि दोन फुटबॉल विश्वचषकांचं यजमानपद तिने एकाच ठरावात, टाळ्या वाजवून, देऊन टाकलं. २०३० चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालला, शिवाय शतकपूर्तीचा मान म्हणून उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेला एकेक सामना; २०३४ चा सौदी अरेबियाला. २०३४ साठी दुसरा उमेदवारच नव्हता. तेव्हापासून जो वाद चालू आहे, तोच २०१० साली कतारवरून झाला होता आणि २०१५ साली झुरिकच्या धाडींवरूनही. एक बाजू म्हणते, सगळे चोर आहेत, विश्वचषक विकून खाल्ला. दुसरी म्हणते, खेळाची सूत्रं युरोपच्या हातून निसटली म्हणून गोऱ्यांच्या पोटात दुखतंय. दोघंही शेवटी एकाच प्रश्नावर येऊन भांडतात: पैसे कोणी खाल्ले?

मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. फिफात लाच खाल्ली गेली हे आता वादाच्या पलीकडे गेलंय. कबुलीजबाब न्यायालयांत नोंदलेले आहेत. पण ज्या रचनेत ती लाच फोफावली, ती आजही जशीच्या तशी उभी आहे. पैसा वाटणारा आणि मत मागणारा एकच, पैसा घेणारा आणि मत देणारा एकच. हे सगळं कायद्यात बसवून, वार्षिक अहवालात छापून, उजळ माथ्याने चालतं. लाचखोर पकडून तुरुंगात घातले म्हणून हा व्यवहार थांबत नाही. उलट लाचेची गरजच उरत नाही, इतका तो सोपा होतो.

आधी 'सगळे चोर' म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. २७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलात स्विस पोलीस शिरले आणि त्यांनी फिफाच्या सात पदाधिकाऱ्यांना ताब्यात घेतलं. हॉटेलच्या नोकरांनी चादरी आडव्या धरून साहेबांची तोंडं छायाचित्रकारांपासून लपवली. अमेरिकेच्या आरोपपत्रानुसार चोवीस वर्षांत १५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम लाच आणि दलाली म्हणून फिरली होती, मुख्यतः अमेरिका खंडांतल्या स्पर्धांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी. उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या महासंघाचे सरचिटणीस चक ब्लेझर यांनी गुन्हे आधीच कबूल केले होते आणि ते तपासयंत्रणेसाठी अंगावर ध्वनिमुद्रक लपवून सहकाऱ्यांशी गप्पा मारत होते.

त्याहून बोलकी गोष्ट चार वर्षं आधीची, पोर्ट ऑफ स्पेनची. मे २०११. फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आलेली, आणि सेप ब्लाटर यांना आव्हान देणारे कतारचे मोहम्मद बिन हम्माम कॅरिबियन देशांच्या प्रतिनिधींना भेटायला त्रिनिदादला आलेले. भाषण झालं. मग प्रतिनिधींना हॉटेलातल्या एका खोलीत एकेक करून बोलावून पाकिटं देण्यात आली. बहामाच्या संघटनेच्या उपाध्यक्षाने पाकीट उघडलं तर आत शंभर-शंभरच्या नोटांची पुडकी. एकूण ४० हजार डॉलर. त्याने आपल्या अध्यक्षांना कळवलं, नोटांचा फोटो काढला आणि पैसे परत केले. बोभाटा झाल्यावर त्याच महासंघाचे प्रमुख जॅक वॉर्नर यांनी प्रतिनिधींना सुनावलं, की ज्यांना फार सोवळं पाळायचंय त्यांनी चर्च काढावं, आपला धंदा हा आपला धंदा आहे. बिन हम्माम यांनी आरोप कायम नाकारला, क्रीडा लवादानेही पुरावा अपुरा ठरवून त्यांच्यावरची बंदी उठवली, आणि मग फिफाने वेगळ्याच प्रकरणात त्यांना आजन्म बाद केलं.

या प्रसंगातला जो तपशील चर्चेत सहसा येत नाही, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाकीट परत करणारा माणूस एका चिमुकल्या देशाचा होता. फिफाच्या भ्रष्टाचाराचं खापर नेहमी छोट्या देशांवर फुटतं: मॉन्टसेराटसारख्या काही हजार वस्तीच्या बेटाला आणि चीनला एकेकच मत, मग मतं विकली जाणारच! हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण २ डिसेंबर २०१० ला रशिया आणि कतारला विश्वचषक देणारे किती जण होते? फिफाच्या कार्यकारी समितीतले बावीस. त्यांत ब्लाटर धरून नऊ युरोपीय. फ्रान्सचे मिशेल प्लाटिनी आणि जर्मनीचे फ्रांझ बेकेनबाउर त्यांतलेच. मत फुटतं ते देश लहान आहे म्हणून नव्हे, तर मत देणाऱ्याला कोणाला जाब द्यायचा नसतो म्हणून.

आता दुसऱ्या बाजूकडे. तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं अजिबात नाही. १९६१ ते १९७४ फिफाचे अध्यक्ष असलेले सर स्टॅन्ली राउस हे पैशाच्या बाबतीत स्वच्छ मानले जात. मात्र वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरची बंदी त्यांनी १९६३ मध्ये तिथे जाऊन आल्यावर उठवली होती. आफ्रिकी देशांनी रेटा लावल्यावर ती पुढच्या वर्षी परत घालावी लागली. १९६६ च्या विश्वचषकात आख्ख्या आफ्रिका खंडाला एकही हक्काची जागा नव्हती, आणि आफ्रिकेने त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. १९७० पासून एक जागा मिळाली ती या बहिष्कारामुळे. १९७४ मध्ये फ्रँकफर्टला ब्राझीलच्या जुआंव हॅवलांज यांनी राउस यांना ६८ विरुद्ध ५२ मतांनी हरवलं, तेव्हा आफ्रिकेने आणि आशियाने मत विकलं नव्हतं. अपमानाचा हिशेब चुकता केला होता. हॅवलांजनी शब्द पाळलाही. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेची हकालपट्टी झाली, १९८२ पासून विश्वचषकात १६ ऐवजी २४ संघ आले.

युरोपच्या दुटप्पीपणाचीही उदाहरणं हवी तेवढी आहेत. २००६ च्या विश्वचषकाचं यजमानपद जर्मनीने १२ विरुद्ध ११ अशा एका मताने मिळवलं. त्याच विश्वचषकाशी जोडलेल्या ६७ लाख युरोंच्या संशयास्पद रकमेचं भूत जर्मन फुटबॉल संघटनेच्या मानगुटीवर २०१५ पासून बसलेलं आहे. २०१८ ची बोली लावताना इंग्लंडने कार्यकारी समितीच्या सदस्यांच्या पत्नींसाठी महागड्या हँडबॅगा पाठवल्या आणि कॅरिबियन संघटनेच्या जेवणावळीचं बिल भरलं. मग हरल्यावर इंग्लंडमधून पावित्र्याची जी भाषा ऐकू आली, ती ऐकून बाकीच्या जगाला हसू आलं तर नवल काय?

इतकं सगळं मान्य करूनही हा युक्तिवाद जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही. युरोप ढोंगी आहे, म्हणून फिफा ठीक आहे? घाना किंवा हैतीतल्या खेळाडूला, तिथल्या पंचाला, तिथल्या मुलींच्या संघाला या व्यवहारात नक्की काय मिळालं? 'दक्षिणेचं (आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेचं) राज्य आलं' असं म्हणताना दक्षिणेतली माणसं आणि दक्षिणेतले पदाधिकारी यांची खुशाल गल्लत केली जाते. याच वॉर्नर यांचं उदाहरण घ्या. कॅरिबियनमधल्या फुटबॉलसाठी त्रिनिदादमध्ये एक भव्य प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, हॅवलांज यांच्याच नावाचं, फिफाच्या आणि महासंघाच्या पैशातून, एकूण २.६ कोटी डॉलरच्या आसपास. २०१३ मध्ये महासंघाच्याच चौकशी समितीने सांगितलं की केंद्राखालची जमीन वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या नावावर आहे. हा पैसा कोणाचा लुटला गेला? युरोपचा नक्कीच नाही.

इथे पाकिटाची गोष्ट संपते आणि वाटपाची सुरू होते. ते २.६ कोटी डॉलर कोणी हॉटेलच्या खोलीत दिले नव्हते. विकासनिधी म्हणून, ठराव करून, बँकेतून रीतसर गेले होते. आणि ज्यांच्या हातून गेले त्यांना वॉर्नर यांच्या गठ्ठा मतांची गरज होती. हे यंत्र हॅवलांजच्या काळात जुळलं. आदिदासचे होर्स्ट डासलर आणि कोका-कोला यांच्या पैशाने फिफा प्रथमच श्रीमंत झाली, आणि श्रीमंत झालेली फिफा देणारी झाली. प्रक्षेपण आणि जाहिरात हक्क विकण्यासाठी डासलर यांनी आयएसएल नावाची कंपनी काढली. ती २००१ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या वह्यांतून लाचेची यादी बाहेर पडली: हॅवलांज, त्यांचे एकेकाळचे जावई रिकार्डो तेशेरा आणि इतर. तेशेरांना १९९२ ते १९९७ या काळात किमान १.२७ कोटी स्विस फ्रँक मिळाले होते. एकदा तर हॅवलांज यांच्यासाठीची रक्कम चुकून फिफाच्याच खात्यात जमा झाली. लाच घेतल्याबद्दल कोणावर खटला? कोणावरच नाही, कारण खासगी संस्थेतली लाच तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये गुन्हाच नव्हती. २०१३ मध्ये फिफाच्या नीतिसमितीने ब्लाटर यांच्या त्या वेळच्या वागण्याला फार तर अजागळ म्हटलं आणि प्रकरण मिटवलं.

आणि जियानी इन्फँटिनो? ते २०१६ मध्ये निवडून आले, सुधारणेचा चेहरा म्हणून. मतदानाआधीच्या भाषणात त्यांनी प्रतिनिधींना सांगितलं की फिफाचा पैसा हा अध्यक्षाचा नाही, तुमचा आहे. आणि प्रत्येक संघटनेला चार वर्षांत ५० लाख डॉलर देण्याचं आश्वासन दिलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आज 'फिफा फॉरवर्ड' योजनेखाली ही रक्कम चार वर्षांच्या चक्रात ८० लाख डॉलरपर्यंत गेली आहे. २११ संघटनांचा हिशेब केला तर सुमारे १६९ कोटी डॉलर. पोर्ट ऑफ स्पेनच्या पाकिटात ४० हजार होते. आता दोनशे पट. शिवाय ३७ जणांच्या कौन्सिलच्या, म्हणजे जुन्या कार्यकारी समितीच्या जागी आलेल्या मंडळाच्या, सदस्यांना वर्षाकाठी अडीच लाख डॉलरचं मानधन. वर्षातून मोजक्या बैठकांसाठी. ज्या माणसाला एवढं मिळतं, त्याने देणाऱ्याशी भांडावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे: पाकीट माणसाच्या खिशात जातं, अनुदान संघटनेच्या खात्यात. अनुदानातून मैदानं होतात, पंच घडतात, जे देश विमानाच्या तिकिटांअभावी पात्रता फेरीत उतरूच शकत नव्हते ते आता खेळतात. विश्वचषकाची कमाई चार-सहा श्रीमंत देशांनी खाण्यापेक्षा २११ ठिकाणी पोचावी हे तत्त्व मलाही पटतं. प्रश्न पैसा द्यावा का, हा नाहीच. तो कोणाच्या सहीने मिळतो, कोणाच्या सहीने अडतो, आणि पुढे त्याचा हिशेब कोण बघतो? २०१५ मध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेने पाहणी केली तेव्हा सदस्य संघटनांपैकी ८१ टक्के संघटनांचे आर्थिक हिशेब जनतेला पाहायलाच मिळत नव्हते. तळं राखी तो पाणी चाखी हे आपण राखणदाराबद्दल म्हणतो. इथे राखणदार कोण हेही तळ्यातलं पाणी ज्यांना वाटून मिळतं तेच ठरवतात.

छोट्या देशांची मतं कमी करा, लोकसंख्येप्रमाणे किंवा खेळाडूंच्या संख्येप्रमाणे वजन द्या, हा उपाय अनेकांना सुचतो. त्याचा दाखला म्हणून इंग्लंडच्या जुन्या सडक्या मतदारसंघांकडे बोट दाखवलं जातं. ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीला १८३२ पर्यंत संसदेत दोन जागा होत्या आणि मँचेस्टरला एकही नव्हती. पण ओल्ड सॅरमचं दुखणं केवळ मतदार कमी असण्याचं नव्हतं. त्या मतदारांची जमीन ज्याच्या मालकीची, त्याच्या मालकीची मतं, हे खरं दुखणं होतं. जमीनदार हलवला असता तर मूठभर मतदारही स्वतंत्र झाले असते. फिफातल्या मॉन्टसेराटची जमीन झुरिकमध्ये आहे. ती सोडवण्याऐवजी मॉन्टसेराटचं मत काढून घ्यायचं म्हणजे राउस यांच्या काळात परत जायचं, आणि तो काळ कसा होता ते वर आलंच आहे.

व्हेनिसच्या सरदारांची गोष्ट मला इथे जास्त उपयोगी वाटते. १२६८ पासून त्यांनी आपला प्रमुख निवडायची अशी पद्धत बसवली की चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची, त्यांनी दुसरी निवडायची, त्यांतून पुन्हा चिठ्ठीने कमी करायची, असे फेऱ्यांवर फेरे. वेड्यासारखी किचकट पद्धत. पण ती पाच शतकांहून अधिक टिकली. आपले सरदार साधू नाहीत हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि कोणाला विकत घ्यायचं हेच आधी कळू नये अशी सोय केली होती. फिफाच्या प्रत्येक सुधारणेत नेमकं उलट गृहीत धरलं जातं: या वेळी चांगला माणूस आणू.

फिफाच्या सुधारणा कागदावर वाईट नव्हत्या हे मात्र कबूल करायला हवं. यजमानपदाचा निर्णय २०११ मध्येच बंद खोलीतल्या कार्यकारी समितीकडून काढून सगळ्या काँग्रेसकडे देण्याचं ठरलं. २०१८ मध्ये मॉस्कोत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोने मोरोक्कोला १३४ विरुद्ध ६५ मतांनी हरवलं, आणि कोणत्या देशाने कोणाला मत दिलं हे फिफाने प्रसिद्ध केलं. ही मोठी गोष्ट होती. गुप्त मतदान नागरिकाला सावकारापासून, मालकापासून वाचवतं. प्रतिनिधीचं मत गुप्त ठेवलं तर मात्र तो ज्यांचा प्रतिनिधी आहे त्यांच्यापासूनच वाचतो. हा फरक फिफाला एकदाचा कळला होता असं वाटलं.

मग काय झालं? मतदानच नाहीसं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०३० ची स्पर्धा तीन खंडांवर पसरवण्यात आली. खंडांच्या आळीपाळीच्या नियमाने २०३४ साठी फक्त आशिया आणि ओशनिया उरले. इच्छुकांना नाव कळवायला जेमतेम चार आठवडे दिले. त्याच दिवसांत सौदी अरेबियाने इच्छा जाहीर केली, आशियाई महासंघाने पाठिंबा दिला, आणि शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाने माघार घेतली. मग तेरा-चौदा महिन्यांनी त्या टाळ्या. नॉर्वेच्या संघटनेने टाळ्यांत सामील न होता आपला आक्षेप नोंदवला. बाकी सभागृह एकमुखी. यात कोणी लाच घेतली असा माझा आरोप नाही, तसा पुरावाही कोणी पुढे आणलेला नाही. मुद्दा हाच की पुराव्याची गरज पडेल असं काही करावंच लागलं नाही. अध्यक्षपदाचंही तेच. २०१९ मध्ये पॅरिसला आणि २०२३ मध्ये किगालीला इन्फँटिनो बिनविरोध, टाळ्यांच्या गजरात निवडून आले. बारा वर्षांची कमाल मर्यादा होती ना? २०२२ मध्ये कौन्सिलने ठरवलं की पहिली तीन वर्षं ही अर्धवट राहिलेली मुदत, ती मोजायची नाही. म्हणजे २०३१ पर्यंत रस्ता मोकळा.

राखणदारांची कथा तर आणखी थोडक्यात सांगता येईल. माजी अमेरिकी सरकारी वकील मायकल गार्सिया यांनी २०१० च्या मतदानाची चौकशी केली. २०१४ मध्ये त्यांच्या अहवालाचा ४२ पानी सारांश बाहेर आला, तो अपुरा आणि चुकीचा आहे असं सांगून त्यांनी राजीनामा दिला, आणि मूळ अहवाल फुटला तेव्हाच, २०१७ मध्ये, फिफाने तो छापला. २०१६ मध्ये स्वतंत्र देखरेख समित्यांच्या सदस्यांना काढण्याचा अधिकार काँग्रेसने कौन्सिलला दिला, आणि सुधारणांचा आराखडा करणाऱ्या डोमेनिको स्काला यांनी निषेध म्हणून पद सोडलं. पुढच्या वर्षी मनामाच्या काँग्रेसमध्ये नीतिसमितीचे दोन्ही प्रमुख, कॉर्नेल बोर्बेली आणि हान्स-योआखिम एकर्ट, आणि प्रशासन समितीचे मिगेल मदुरो बदलण्यात आले. मदुरो यांनी रशियाचे उपपंतप्रधान विताली मुत्को यांना कौन्सिलसाठी अपात्र ठरवलं होतं. त्याहून जुना एक नमुना आहे, तो मला विसरता येत नाही. मास्टरकार्डशी करार असताना व्हिसाशी संधान बांधल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फिफाला झोडपलं, फिफाला ९ कोटी डॉलर मोजावे लागले, आणि विपणन संचालक जेरोम वाल्के यांना २००६ च्या डिसेंबरात घरी पाठवण्यात आलं. सहा महिन्यांनी ते परत आले. सरचिटणीस म्हणून!

एवढं सगळं असेल तर न्यायालयात काही का टिकत नाही, असा प्रश्न फिफाचे पाठीराखे विचारतात. त्यांना उत्तर द्यायला हवं. ब्लाटर आणि प्लाटिनी यांच्यातल्या २० लाख फ्रँकच्या देण्यावरून दोघांना फुटबॉलमधून बाद केलं गेलं, पण स्विस न्यायालयांनी २०२२ मध्ये आणि अपिलात २०२५ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं. इन्फँटिनो आणि स्विस महाअभियोक्ता मायकल लाउबर यांच्या नोंदी न ठेवलेल्या भेटींची चौकशीही २०२३ मध्ये बंद झाली. या निकालांचा मान ठेवूनच मी म्हणतो की चोर पकडण्यावर सगळी भिस्त ठेवणं चूक आहे. फौजदारी न्यायालय एका माणसाचा एक गुन्हा तपासतं. दाता आणि मतदार एकमेकांत इतके गुंतलेत की हितसंबंध वेगळे काढता येत नाहीत, हे न्यायालयापुढे गुन्हा म्हणून उभंच राहत नाही. शिवाय निर्दोष सुटका झाली की ती कारभाराच्याच स्वच्छतेचं प्रमाणपत्र म्हणून मिरवली जाते.

सरकारांनी हात घालावा तर फिफाचं दुसरं शस्त्र तयार असतं: त्रयस्थ हस्तक्षेप. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताची संघटनाच निलंबित झाली, कारण न्यायालयाने नेमलेले प्रशासक तिचा कारभार पाहत होते. दहा-अकरा दिवसांत प्रशासक गेले आणि निलंबन उठलं. हा नियम मुळात चांगल्या हेतूचा आहे; हुकूमशहाने संघटना गिळू नये म्हणून. पण ज्या खुर्चीवर निवडणूक लांबवून कोणी बसून राहतो, तिला हात लावणारं न्यायालयही याच नियमाने त्रयस्थ ठरतं. आणि राजकारणापासून दूर राहण्याचा हा सोवळेपणा डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ च्या विश्वचषकाच्या यजमानांपैकी एक असलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना फिफाचा शांतता पुरस्कार देताना कुठे गेला होता, कोण जाणे.

म्हणजे काँग्रेस स्वतःला सुधारणार नाही. जिला हप्त्याने मिळतं ती हप्ता बंद करायचा ठराव कशाला करेल? ऑलिम्पिक समितीचा अनुभव इथे आठवावा. सॉल्ट लेक सिटीच्या यजमानपदासाठीच्या लाच प्रकरणात १९९९ मध्ये दहा सदस्य गेले आणि बोली लावणाऱ्या शहरांना सदस्यांनी भेट देण्याची प्रथा बंद झाली. त्यामागे अंतःप्रेरणा नव्हती. प्रायोजक अस्वस्थ झाले होते आणि अमेरिकी संसदेने समितीच्या अध्यक्षांना साक्षीला बोलावलं होतं. फिफाच्या बाबतीतही २ ऑक्टोबर २०१५ ला कोका-कोला, मॅकडोनाल्ड्स, व्हिसा आणि बडवायझरच्या मालक कंपनीने ब्लाटर यांनी ताबडतोब जावं असं म्हटलं, आणि आठवड्याभरात ते निलंबित झाले. हलतं ते असं, बाहेरून.

बाहेरचं खरं बळ स्वित्झर्लंडकडे आहे. त्या देशाच्या नागरी संहितेच्या कलम ६० खाली गावातलं भजनी मंडळ आणि अब्जावधी डॉलरची फिफा एकाच प्रकारची 'संस्था' म्हणून नोंदवता येतात. २०१६ पासून खासगी क्षेत्रातली लाच तिथे आपणहून दखल घेण्याजोगा गुन्हा झाली. म्हणजे मनात आणलं तर स्विस संसद करू शकते. तिने आता पुढचं पाऊल टाकावं: ठरावीक उलाढालीवरच्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंस्थांना विकासनिधीचं वाटप निवडून येणाऱ्या पदाधिकाऱ्यांपासून तोडून, जाहीर सूत्रावर चालणाऱ्या वेगळ्या न्यासाकडे देणं बंधनकारक करावं. पैसा घेणाऱ्या प्रत्येक संघटनेने लेखापरीक्षित हिशेब जाहीर करावेत, नाहीतर हप्ता आपोआप अडावा, अध्यक्षाच्या मर्जीने नव्हे. देखरेख समितीच्या प्रमुखाला मुदतीआधी काढायचं तर न्यायालयापुढे कारण द्यावं लागावं. आणि काँग्रेसमधलं प्रत्येक मत, अध्यक्षपदाचंसुद्धा, देशाच्या नावानिशी छापलं जावं.

मुख्यालय हलवू अशी धमकी येईल. फिफाने पॅरिस आणि मायामीत कार्यालयं थाटलीच आहेत. पण जाऊन जाऊन जाणार कुठे? युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये नव्या स्पर्धांना परवानगी देण्याचे फिफाचे नियम पारदर्शक नाहीत म्हणून स्पर्धा कायद्याविरुद्ध ठरवले, ऑक्टोबर २०२४ मध्ये फुटबॉलपटू लसाना दियारा यांच्या खटल्यात खेळाडूंच्या क्लबबदलाचे काही नियम मोडीत काढले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा लवादाचे निवाडे युरोपातली न्यायालयं तपासू शकतात असं सांगितलं. यातला एकही खटला लाचेचा नव्हता. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकवटलेल्या अधिकाराचा होता. फिफाच्या अध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. तोवर स्विस कायदा बदलला नाही, तर तिथेही टाळ्याच वाजतील.